कंपनीचा नफा, आपलं उत्पन्न आणि पीआरची फाइल

मंडळी, आपल्या वसई-विरारमधल्या अनेक घरांतलं कोणी ना कोणी परदेशात आहे. त्यांतले काही जण नोकरी सोडून तिथेच छोटी लिमिटेड कंपनी काढतात. कंपनी छान चालते, आणि पीआरची वेळ आली की प्रश्न येतो: आपलं उत्पन्न दाखवायचं कसं? आज आपण ब्रिटनचं उदाहरण घेऊ, तेही जोडीदाराच्या व्हिसावर गेलेल्यांचं. तिथे पीआरला आयएलआर म्हणतात.

आधी मुळाशी जाऊ. वालीव-सातिवलीला ज्याचा एकट्याच्या मालकीचा गाळा आहे, त्याच्यासाठी गल्ल्यातला पैसा आणि खिशातला पैसा एकच. कायदाही तिथे मालक आणि धंदा वेगळे मानत नाही. पण 'लिमिटेड' झालं की कंपनी ही वेगळी व्यक्ती. आपल्याकडे १९५४ मध्ये बचा गझदर विरुद्ध आयकर आयुक्त, मुंबई या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. चहाच्या कंपनीचं साठ टक्के उत्पन्न शेतीचं धरलं जाई आणि त्यावर आयकर नसे. मग आमच्या लाभांशालाही तीच सूट द्या, असं भागधारकाचं म्हणणं होतं. न्यायालयाने ते मान्य केलं नाही. कंपनीची मालमत्ता भागधारकाची नसते. तो लाभांशाचा धनी, तोही जाहीर झाल्यावर.

ब्रिटनचा व्हिसा अधिकारी नेमकं याच नजरेने बघतो. ११ एप्रिल २०२४ पासून या मार्गाने नव्याने येणाऱ्यांसाठी वर्षाला २९,००० पौंडांची अट आहे. त्याआधीच त्याच जोडीदाराबरोबर या मार्गावर असलेल्यांना जुनी १८,६०० ची अट लागू राहते.

समजा, वसईची एक मुलगी तिथे नव्या अटीत आहे. नवरा घरी मूल सांभाळतो, कंपनी तिच्या एकटीची. पगार घेतला १२,५७० पौंड, कारण तेवढ्यावर आयकर लागत नाही. लाभांश घेतला १०,०००. बाकीचा भरपूर नफा कंपनीतच ठेवला. तिचं उत्पन्न किती? २२,५७०. म्हणजे ६,४३० कमी! कंपनीत राहिलेला नफा धरत नाहीत. कंपनीकडून उचललेलं कर्जही उत्पन्न नव्हे. कर वाचवणारा हिशेब इथे उलटा पडतो, बरं का.

'सहा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा लावू' हा नोकरदारांचा रस्ताही तिला बंद. शेअर्स स्वतःचे किंवा घरच्यांचे आणि बाहेरचे भागधारक पाचांपेक्षा कमी असतील, तर कंपनीचं शेवटचं पूर्ण आर्थिक वर्ष बघतात, किंवा शेवटच्या दोन वर्षांची सरासरी. कमी पडणारी रक्कम बँकेतल्या बचतीने भरून काढायचीही सोय या रस्त्यावर नाही.

आता कागद. कंपनीचं कर विवरणपत्र म्हणजे सीटी-६००, वर्षाचे हिशेब, कंपनीचं बँक स्टेटमेंट. व्यक्तीकडून पगाराच्या स्लिपा, पी-६०, लाभांशाची व्हाउचरं आणि स्वतःच्या खात्याचं स्टेटमेंट. सूत्र साधं आहे: कंपनीच्या वहीतून निघालेला आकडा आपल्या खात्यात पोचलेला दिसला पाहिजे, आणि कर खात्याला सांगितलेला आकडाही तोच हवा. तिन्ही ठिकाणी एकच.

म्हणून आमचं सांगणं एवढंच: ही फाइल अर्जाच्या आठवड्यात तयार होत नाही, ती आदल्या आर्थिक वर्षात तयार होते. वर्ष संपल्यावर मागल्या तारखेचा लाभांश दाखवता येत नाही, आणि तसा दाखवला तर ती फसवणूक ठरते. कंपनीचं वर्ष सुरू होतानाच अकाउंटंट आणि इमिग्रेशनचा अधिकृत सल्लागार, दोघांना एकत्र बसवा, आणि त्या दिवशीचे नियम ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर तपासा. थोडा कर जास्त गेला तरी चालेल. इथे पणाला लागलंय ते आपल्या लेकरांचं त्या देशातलं राहणं.