बंदरावरील एक दिवस आणि वनातील सावकाश पाऊल

सुरतेच्या व्यापाऱ्यास जहाज नवे नाही. सतराव्या शतकात सुवाळीच्या किनाऱ्यावर देशोदेशींची जहाजे नांगरत, आणि हाजचे यात्रेकरू येथूनच निघत म्हणून या नगरीस मक्केचा दरवाजा म्हणत. आता मात्र समुद्रप्रवास मालासाठी नव्हे, तर विश्रांतीसाठी होऊ लागला आहे. आमच्या बाजारातील कुटुंबे मुंबईस पर्यटन-जहाजावर चढतात आणि गोव्यास मुरगाव बंदरात एक दिवस उतरतात. तो दिवस कसा खर्चावा, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही.

बहुतेक मंडळी तो दिवस बाजारपेठ व समुद्रकिनारा यांत घालवितात. वृद्ध आईवडील व गुडघ्यांनी त्रस्त झालेली माणसे जहाजावरच बसून राहतात. अशांसाठी वाटाड्यासह वनातील सावकाश फेरी हा उत्तम मार्ग होय, असे आमचे मत आहे. जपानच्या वनखात्याने 1982 साली अशा फेरीस ‘शिनरिन-योकू’, म्हणजे वनस्नान, असे नाव दिले. त्यात शिखर गाठावयाचे नसते. पाहावयाचे, ऐकावयाचे आणि थांबावयाचे असते.

परंतु व्यापाऱ्याने प्रथम हिशेब मांडावा. समजा, जहाज सकाळी 8 वाजता लागून सायंकाळी 6 वाजता सुटणार आहे. हे 10 तास सर्वच आपले नव्हेत. उतरण्यास एक आणि सुटण्यापूर्वी परतण्यास एक तास वजा करावा, उरले 8. मोले येथील अभयारण्य सुमारे 70 किलोमीटर दूर. जाण्यायेण्याचे चार तास धरले, भोजनास एक दिला आणि अकल्पित खोळंब्यासाठी एक राखून ठेवला, की चालण्यास दोनच तास शिल्लक राहतात. हा राखीव तास कोणीही खर्च करू नये. जहाजाने आयोजिलेल्या सहलीची वाट बहुधा पाहिली जाते; स्वतंत्र मोटारीने गेलेल्या प्रवाशासाठी जहाज थांबत नाही.

मोले येथील वनास भगवान महावीर यांचे नाव आहे, ही आपणांस विशेष आनंदाची गोष्ट. 1969 साली ते अभयारण्य झाले व 1978 साली त्यातील 107 चौरस किलोमीटर भागास राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. गवा व शेकरू यांचे हे घर आहे. इतके दूर जाणे ज्यांस झेपणार नाही, त्यांनी पणजीनजीक चोडण बेटावरील सालिम अली पक्षी अभयारण्य पाहावे. त्याचे क्षेत्र अवघे 1.8 चौरस किलोमीटर असून खारफुटीमधून जाणारी वाट सपाट आहे. फोंड्याकडील कुळागरांत तर सुपारीवर चढलेले मिरीचे वेल आणि जायफळाची झाडे सावलीत हिंडून पाहता येतात. पेठेत पोत्यांतून येणारा माल झाडावर कसा दिसतो, हे आमच्या तरुणांनी अवश्य पाहावे.

मुंबईस उतरणाऱ्यांस बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान व त्यातील कान्हेरीची लेणी आहेत. मात्र सोमवारी उद्यान बंद असते, हे ध्यानी ठेवावे.

आता एक गंभीर विचार. मोठ्या जहाजावर हजाराहून अधिक प्रवासी असतात. त्यांतील शंभरजण एकदम वनात शिरले, तर वनाचा बाजार होईल आणि पक्षी उडून जातील. म्हणून दहा-बारा जणांचीच तुकडी असावी, वाटाड्या स्थानिक असावा व त्याचे वेतन घासाघीस न करता द्यावे. त्या गावास वन राखण्यात लाभ दिसला, तरच वन राहील. माकडांस खाऊ घालणे ही जीवदया नव्हे. त्याने त्यांची सवय बिघडते व पुढे त्यांनाच मार खावा लागतो.

आपल्या साधूंस ईर्यासमितीचा नियम आहे: पुढील भूमी पाहून, जीव वाचवून पाऊल टाकावे. चातुर्मासात ते विहार थांबवितात. पर्यटन-जहाजांचा हंगामही साधारणतः पावसाळा सोडूनच असतो. गृहस्थास तो नियम पूर्णपणे पाळणे कठीण. पण वर्षातून दोन तास तरी तसे चालून पाहावे. घरातील वडीलधाऱ्यांस बरोबर घेऊन त्यांच्याच गतीने चालावे, म्हणजे त्यांनाही तो दिवस जहाजावर बसून काढावा लागणार नाही.