अ‍ॅम्ब्युलन्सची नोकरी आणि लायसन्सचा उतारा

‘अ‍ॅम्ब्युलन्ससाठी वाहनचालक पाहिजेत’ अशी जाहिरात मोबाइलवर आली की संध्याकाळपर्यंत ती सगळ्या मोहल्ल्यात फिरते. आपल्या घरांतून ड्रायव्हिंग येणाऱ्या मुलांची कमतरता नाही. कुणी टेम्पो चालवतो, कुणी स्कूलबस, कुणी सौदी किंवा दुबईत आठ-दहा वर्षे गाडी चालवून परत आलेला असतो. स्टिअरिंगवर बसवले तर यातले बहुतेक जण पास होतील. नापास होतात ते कागदाच्या टेबलावर.

जाहिरातीत लायसन्स, अनुभवाचा दाखला, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि चारित्र्य पडताळणी तर असतेच. त्यासोबत आता ‘ड्रायव्हिंग रेकॉर्ड’ही मागू लागले आहेत. मुलगा काय करतो? लायसन्सची झेरॉक्स काढतो, खाली सही करतो आणि जोडून देतो. पण झेरॉक्स म्हणजे रेकॉर्ड नव्हे. जमिनीचा सातबारा आणि घराच्या भिंतीवर लिहिलेले मालकाचे नाव यांत जो फरक, तोच इथे आहे. कार्ड आपल्या खिशात असते, रेकॉर्ड सरकारच्या दप्तरात असते. दोन्हींत एकच मजकूर असेल असे आपण धरून चालतो. तो नसतो तेव्हा नोकरी हातची जाते.

नोकरी देणारा एवढा काटेकोर का होतो, हेही समजून घ्यावे. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा २०१४ साली ९३७ अ‍ॅम्ब्युलन्सवर सुरू झाली. त्यांतल्या २३३ गाड्यांत गंभीर रुग्णासाठीची प्रगत साधने होती आणि ७०४ गाड्या प्राथमिक जीवरक्षक सोयींच्या होत्या. या सेवेत ड्रायव्हरला ‘पायलट’ म्हणतात. शब्द मोठा आहे, पण जबाबदारी पाहता चुकीचा वाटत नाही. २०१७ च्या मोटार वाहन चालन नियमावलीनुसार तातडीच्या कामावर असलेली अ‍ॅम्ब्युलन्स योग्य काळजी घेऊन लाल सिग्नल ओलांडू शकते, वेगमर्यादेपेक्षा जास्त वेगाने जाऊ शकते, एकमार्गी रस्त्यावर उलट दिशेनेही जाऊ शकते. तिला वाट न देणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ई खाली दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. एवढी मोकळीक ज्याच्या हाती द्यायची, त्याने आजवर रस्त्यावर काय केले हे संस्था विचारणारच. मागे झोपलेल्या रुग्णाला ते विचारायची संधी नसते.

आता हे रेकॉर्ड असते कुठे? मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २६ प्रमाणे प्रत्येक राज्याने लायसन्सची नोंदवही ठेवायची असते. २०१९ च्या दुरुस्तीने कलम २५ ए आले आणि देशभराची एक नोंदवही ठरली. रोजच्या व्यवहारात आपल्याला दिसते ते ‘सारथी’ हे परिवहन खात्याचे संकेतस्थळ. लायसन्स कधी दिले, कोणत्या कार्यालयाने दिले, कोणत्या प्रकारच्या गाड्यांसाठी, मुदत कधी संपते, या सगळ्याची नोंद तिथे असते. लायसन्स निलंबित किंवा रद्द झाले असेल तर तेही दप्तरी येते. या नोंदीची अधिकृत प्रत म्हणजे लायसन्सचा उतारा. संकेतस्थळावर आणि आरटीओच्या खिडकीवर त्याला ‘डीएल एक्स्ट्रॅक्ट’ म्हणतात. मागायचा तो हाच.

सारथीवर महाराष्ट्र राज्य निवडायचे, लायसन्सच्या सेवांमध्ये जायचे, लायसन्स क्रमांक आणि जन्मतारीख भरायची. समोर आपली माहिती येते. तिथे घाई करू नये. आलेली प्रत्येक ओळ हातातल्या कार्डाशी ताडून पाहावी, मग उताऱ्याचा अर्ज करून शुल्क भरावे. ओटीपी येतो तो नोंदीत असलेल्या मोबाइल नंबरवर. कित्येकांच्या नोंदीत आठ वर्षांपूर्वीचा बंद पडलेला नंबर असतो, नाहीतर एजंटाने टाकलेला त्याचा स्वतःचा! आधी तो बदलून घ्यावा. संस्थेला सही-शिक्क्याचा कागद हवा असेल तर नोंद ज्या आरटीओकडे आहे तिथे अर्जाची पावती घेऊन जावे. एजंटाला पैसे देण्यासारखे यात काही नाही. घरात बारावीत शिकणारी मुलगी असेल तर ती हा अर्ज त्याच्यापेक्षा नीट भरेल.

लायसन्स क्रमांक वाचता आला तरी बरेच कळते. एमएच ०८ म्हणजे रत्नागिरी, एमएच २० म्हणजे औरंगाबाद, एमएच ४१ म्हणजे मालेगाव. त्यापुढचे चार आकडे लायसन्स दिल्याचे वर्ष सांगतात आणि शेवटचे सात आकडे अनुक्रमांक. ज्यांच्याकडे अजून जुने पुस्तकवजा लायसन्स आहे, त्यांची नोंद सारथीवर सापडेलच असे नाही. तेव्हा आरटीओत मूळ लायसन्स दाखवून ‘बॅकलॉग एंट्री’ करून घ्यावी लागते. हे काम जाहिरातीच्या शेवटच्या दिवशी होत नाही. जुना दप्तर-रजिस्टर शोधायला कारकुनालाही वेळ लागतो. खेटे घालूनही दाद लागत नसेल तर माहिती अधिकारात स्वतःच्या नोंदीची प्रत मागता येते. त्याला तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते.

आता नावाकडे येतो. आपल्या समाजातली सर्वांत जास्त मुले इथेच अडकतात, असे माझे मत आहे. शाळेच्या दाखल्यावर ‘शेख मोहम्मद इरफान अब्दुल गनी’, आधारवर ‘इरफान गनी शेख’, लायसन्सवर ‘मो. इरफान ए. शेख’. घरच्यांच्या दृष्टीने हा एकच मुलगा आहे. संगणकाच्या दृष्टीने हे तीन वेगळे इसम आहेत. मोहम्मद, महंमद, मोहमद, मुहम्मद ही एकाच मुबारक नावाची रूपे आहेत. पण इंग्रजीत ती लिहिताना शाळेतल्या गुरुजींनी एक स्पेलिंग केले, आधार केंद्रावरच्या मुलाने दुसरे आणि आरटीओतल्या ऑपरेटरने तिसरे. आडनावाचाही घोळ असतोच. कोकणात गावाचे किंवा कुळाचे आडनाव शाळेत लागते आणि पासपोर्टवर वडिलांचे नाव शेवटी येते. जन्मतारखेचेही तसेच. एक जून ही तारीख किती घरांत आहे ते वाचकांना सांगायला नको.

यावर उपाय आहे, फक्त त्याचा क्रम नीट ठेवावा लागतो. आधी कोणते नाव कायम करायचे ते घरात बसून ठरवावे. शक्यतो दहावीच्या प्रमाणपत्रावरचे धरावे, कारण सरकारी भरतीत शेवटी तेच पाहतात. मग आधार त्याच्याशी जुळवावे आणि त्यानंतर सारथीवर लायसन्समधल्या नावाच्या बदलाचा अर्ज करावा. फरक एखाद-दुसऱ्या अक्षराचा असेल तर बहुधा कागदपत्रांवर भागते. नावच वेगळे दिसत असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घेणे हा पक्का मार्ग. नोटरीकडून केलेले प्रतिज्ञापत्र तात्पुरते चालते, पण ते नोंद बदलत नाही. पुढच्या अर्जाला पुन्हा तोच प्रश्न उभा राहतो.

दुसरा गोंधळ लायसन्सच्या प्रकाराचा. अ‍ॅम्ब्युलन्स सरकारी यादीत परिवहन वाहनात मोडते. ती फक्त अ‍ॅम्ब्युलन्स म्हणूनच वापरली तर तिला परमिट लागत नाही, हा भाग वेगळा. पूर्वी वाद असा होता की साध्या हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ती चालवता येते का. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली मुकुंद देवांगन खटल्यात आणि मग ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने रंभा देवी खटल्यात सांगितले की, एकूण वजन साडेसात हजार किलोच्या आत असलेले परिवहन वाहन हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते, वेगळी नोंद लागत नाही. कायदा असा आहे. तरीही जाहिरातीत ‘ट्रान्सपोर्ट लायसन्स’ लिहिले असेल तर ते असलेले बरे, कारण निवड करणारा बाबू निकालपत्र वाचत बसत नाही. त्यासाठी वय वीस पूर्ण हवे आणि हलक्या वाहनाचे लायसन्स किमान एक वर्ष जुने हवे. काही ठिकाणी बॅजही मागतात. बॅज खरे तर रिक्षा-टॅक्सीसारख्या भाड्याच्या प्रवासी वाहनांसाठी असतो. तो नाही म्हणून अर्जच करू नये असे नाही, आधी विचारून घ्यावे.

मुदतीकडे मात्र बारकाईने पाहावे. ट्रान्सपोर्ट लायसन्सची मुदत पाच वर्षांची असते. मुदत संपल्यावर वर्षाच्या आत नूतनीकरण केले तर ठीक, वर्ष उलटले की पुन्हा परीक्षा. आखातात गेलेल्या आपल्या माणसांचे असेच होते. तिथे सहा वर्षे रोज गाडी चालवली, पण इथले लायसन्स तिसऱ्याच वर्षी संपले. परत आल्यावर उताऱ्यात ‘मुदतबाह्य’ दिसते, आणि तिथल्या लायसन्सवर इथली नोकरी मिळत नाही. सुटीवर घरी याल तेव्हा आईच्या औषधांबरोबर लायसन्सची तारीखही पाहत जा.

उलट दिशेने जाणाऱ्यांसाठीही एक गोष्ट. परदेशात रेकॉर्ड म्हणजे गुणांचा हिशेब. ब्रिटनमध्ये तीन वर्षांत बारा पेनल्टी पॉइंट झाले की लायसन्स जाण्याची वेळ येते. अमिरातीत चोवीस ‘ब्लॅक पॉइंट’ झाले की ते निलंबित होते. आपल्याकडच्या उताऱ्यात असे गुण नसतात. म्हणून तिकडच्या मालकाने ‘पॉइंट किती?’ विचारले तर गोंधळू नये. आपल्या उताऱ्यात लायसन्सचा प्रकार, मुदत आणि निलंबन असते, एवढे सांगावे. पोलिसांचा दाखलाही वेगळा लागतो. परदेशासाठी तो पासपोर्ट कार्यालयामार्फत मिळतो, इथल्या नोकरीसाठी महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर चारित्र्य पडताळणीचा अर्ज करतात.

चलनाचा प्रश्न हमखास येतो. ‘चाचा, माझ्यावर चार ई-चलन आहेत, नोकरी जाईल का?’ कॅमेऱ्याने काढलेले चलन गाडीच्या क्रमांकावर लागते. म्हणजे टेम्पो शेठचा असेल तर ते शेठच्या नावावर. पोलिसाने थांबवून लायसन्स पाहून चलन केले असेल तर त्यात तुमचा लायसन्स क्रमांक येऊ शकतो. दोन्ही तपासून थकलेले भरून टाकावे, पावत्या जपाव्यात. काही दंड लोकअदालतीत मिटतात. न्यायालयाने लायसन्सवर शेरा मारला असेल तर तो नव्या आणि दुय्यम लायसन्सवरही उतरतो. पण तीन वर्षांत दुसरा शेरा नसेल तर कलम २४ प्रमाणे शेरा नसलेले लायसन्स मागता येते, आणि शेरा फक्त वेगाचा असेल तर वर्षभरानेच. हा हक्क फार थोड्यांना माहीत आहे.

अपघाताची केस झाली असेल तर? ती लपवू नये. न्यायालयांच्या संकेतस्थळावर नावाने खटला सापडतो आणि चारित्र्य पडताळणीतही निघतो. निर्दोष सुटला असाल तर निकालाची प्रमाणित नक्कल काढून अर्जाला जोडा. खटला चालू असेल तर अर्जातल्या रकान्यात तसे लिहा. केस असूनही खरे लिहिणाऱ्याला एखादी संस्था घेईल, पण ‘नाही’ लिहून नंतर सापडलेल्याला कोणी ठेवत नाही.

राहिला अनुभवाचा दाखला. कित्येक गावांत जमातीची किंवा मशिदीच्या ट्रस्टची अ‍ॅम्ब्युलन्स आहे, मय्यतीची गाडी आहे. रात्री दोनला फोन आला की चप्पल शोधत निघणारी मुले आपल्याकडे आहेत. कोरोनाच्या काळात त्यांनी काय केले ते सगळ्यांनी पाहिले. पण त्या फेऱ्यांचा कागद कुठे आहे? दाखला मागितला की ट्रस्टी प्रेमाने लेटरहेडवर दोन ओळी लिहून देतात, ‘हा मुलगा नेक व मेहनती आहे.’ त्यावर निवड समिती काय करणार?

म्हणून ज्या जमातीकडे गाडी आहे तिने आजपासून लॉगबुक ठेवावे. त्यात तारीख, निघण्याची व पोहोचण्याची वेळ, कुठून कुठे, किलोमीटर आणि ड्रायव्हरची सही एवढे असले तरी पुरे. रुग्णाचे नाव लिहायची गरज नाही. दाखल्यात गाडीचा नंबर, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत चालवली, एकूण फेऱ्या किती आणि त्या काळात अपघात झाला की नाही हे यावे. मुलाचे नाव उताऱ्यात आहे तसेच, अक्षराला अक्षर. खाली ट्रस्टचा नोंदणी क्रमांक, अध्यक्षांची सही आणि असा फोन नंबर, जो दुपारी कामाच्या वेळेत कोणीतरी उचलतो.