सात डावांतला एक

ऑनलाइन बुद्धिबळात रेटिंग १०० गुणांनी वाढवायचे, तर आपल्या बरोबरीच्या खेळाडूंविरुद्ध दर सात डावांमागे एक हरणारा डाव जिंकावा लागतो. बाकीचे सहा आज जसे खेळता तसेच खेळले तरी चालतात.

हा हिशोब अमेरिकेत स्थायिक झालेले हंगेरियन वंशाचे भौतिकशास्त्रज्ञ आर्पाड एलो यांच्या सूत्रातून निघतो. फिडे या जागतिक संघटनेने ते १९७० मध्ये स्वीकारले. दोन खेळाडूंच्या रेटिंगमध्ये किती फरक असला की वरच्याला सरासरी किती टक्के गुण मिळावेत, ते सूत्र सांगते :

फरक ० : ५० टक्के
फरक ५० : ५७ टक्के
फरक १०० : ६४ टक्के
फरक २०० : ७६ टक्के
फरक ४०० : ९१ टक्के

म्हणजे आजच्या बरोबरीच्यांशी शंभर डावांत ५० ऐवजी ६४ गुण मिळवू लागलात, की तुम्ही त्यांच्यापेक्षा १०० गुणांनी वरचे. शंभरात चौदा, म्हणजेच सातात एक. प्रश्न एवढाच उरतो, की हा सातवा डाव शोधायचा कुठे?

छत्रपती संभाजीनगरात हा प्रश्न पडणारे कमी नाहीत. वाळूजची पाळी संपवून घरी आलेला तंत्रज्ञ, सिडकोतली बारावीची मुलगी, गुलमंडीवरचे दुकान वाढवून जेवायला बसण्याआधी ‘एकच डाव’ म्हणणारा दुकानदार, सगळे फोनवर खेळतात. शहराच्या दोन्ही अंगांना मोठी नावे आहेत. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाने पूर्वेला निघालात तर शेवटी दिव्या देशमुखचे नागपूर, पश्चिमेला निघालात तर वाटेत विदित गुजराथीचा नाशिक जिल्हा. त्यांचे डाव आज घरबसल्या पाहता येतात. पण स्वतःचा ताळेबंद ज्याचा त्यालाच मांडावा लागतो.

रेटिंग काय सांगत नाही

पहिली गोष्ट, जिंकण्याच्या टक्केवारीकडे पाहू नका. चेस डॉट कॉम असो वा लीचेस, यंत्रणा तुमची गाठ तुमच्याच रेटिंगच्या आसपासच्या खेळाडूशी घालते. तुम्ही सुधारलात तर प्रतिस्पर्धीही कडक मिळतो. त्यामुळे ९०० वाला आणि १९०० वाला या दोघांचेही आकडे बहुधा पन्नास टक्क्यांच्या आसपासच फिरतात. तेवढ्यावरून दोघांत फरक करता येणार नाही.

दुसरी गोष्ट, थोड्या डावांवरून निष्कर्ष काढू नका. तुल्यबळ खेळाडूंशी २० डाव खेळलात आणि बरोबरी बाजूला ठेवली, तर ७ ते १३ यांमधले कितीही विजय निव्वळ योगायोगाने मिळू शकतात. एका डावाला साधारण ८ गुण इकडे-तिकडे होतात असे धरले, तर २० डावांत रेटिंग सुमारे ५० गुणांनी वर किंवा खाली जाणे ही रोजची बाब आहे. त्या ५० गुणांत तुमची प्रगतीही नसते आणि अधोगतीही.

तिसरी गोष्ट सलग पराभवांची. दर डावात जिंकण्याची शक्यता निम्मी धरली, तर १०० डावांत कधी ना कधी सलग पाच पराभव येण्याची शक्यता सुमारे ८१ टक्के निघते. म्हणजे पाच पराभवांची रांग न येणे हाच अपवाद. तरीही ती आली, की रात्री साडेबाराला ‘गेलेले गुण परत आणतो’ म्हणत माणूस सहावा, सातवा, आठवा डाव खेळतो. पहिले पाच पराभव नशिबाच्या खात्यावर टाकता येतील. नंतरचे मात्र रागाच्या.

आणखी एक. दोन संकेतस्थळांवरची रेटिंग एकमेकांशी ताडून पाहू नयेत. लीचेसवर नवा खेळाडू १५०० पासून सुरू होतो. दोन्हीकडचे खेळाडू वेगळे, सुरुवात वेगळी, म्हणून आकड्याचा अर्थही वेगळा. हे आकडे फिडेच्या रेटिंगला तर मुळीच जुळत नाहीत.

जमेची बाजू

ऑनलाइन खेळाडूकडे पूर्वीच्या पिढीला न मिळालेली एक गोष्ट आहे : नोंद. त्याचा प्रत्येक डाव, प्रत्येक चाल, प्रत्येक चालीला लागलेला वेळ जपून ठेवलेला असतो. पूर्वी क्लबात त्याच दहा जणांशी खेळावे लागे आणि डाव संपला की विसरला जाई. आज अनोळखी शैलीचा प्रतिस्पर्धी काही सेकंदांत समोर बसतो. सरावासाठी लीचेसवर ५० लाखांहून जास्त कोडी मोफत आहेत. म्हणून डोळा तयार होतो, घोड्याचा दुहेरी हल्ला पटकन दिसतो, नावाजलेल्या खेळाडूची भीती वाटत नाही.

ऑनलाइन पट म्हणजे पोरखेळ, असेही आता कोणी म्हणू नये. २०२० मध्ये कोविडमुळे फिडेने पहिले ऑनलाइन ऑलिम्पियाड भरवले. भारतीय संघाचा कर्णधार होता नाशिकचा विदित. संघात गोव्याची भक्ती कुलकर्णी होती आणि नागपूरची १४ वर्षांची दिव्या. ३० ऑगस्टला रशियाविरुद्धच्या अंतिम लढतीत निहाल सरीन आणि दिव्या यांचे इंटरनेट तुटले, घड्याळ चालूच राहिले. फिडेने अखेर दोन्ही देशांना संयुक्त विजेते ठरवले.

आपले इंटरनेट तुटले, तर निर्णय द्यायला कोणी समिती बसणार नाही. वायफाय गेले की डाव गेला. महत्त्वाच्या डावाआधी मोबाइल डेटा तयार ठेवणे हीसुद्धा तयारीच आहे.

त्या स्पर्धेतला आणखी एक आकडा इथे कामाचा आहे. तिथे प्रत्येक खेळाडूला १५ मिनिटे आणि दर चालीला ५ सेकंद जादा मिळत होते. जगातले उत्तम खेळाडू तिथे ऑनलाइन बसले तेव्हाही ते तीन मिनिटांचे डाव खेळले नाहीत.

नावेची बाजू : घड्याळ

डाव ४० चालींचा धरून (लीचेसही डावाचा प्रकार ठरवताना हेच धरते) एका चालीला किती वेळ मिळतो ते पाहा. पहिला आकडा मिनिटांचा, दुसरा दर चालीला मिळणाऱ्या जादा सेकंदांचा :

३+० : ४.५ सेकंद
३+२ : ६.५ सेकंद
१०+० : १५ सेकंद
१५+१० : ३२.५ सेकंद
९०+३० (प्रत्यक्ष पटावरची मोठी स्पर्धा) : १६५ सेकंद

तीन मिनिटांच्या डावापेक्षा १५+१० मध्ये विचाराला सातपट वेळ मिळतो. चाल करण्याआधी तीन प्रश्न विचारावेत, असे प्रशिक्षक सांगतात : यावर शह बसतो का, माझे काही मारले जाते का, पुढच्या चालीत काय धमकी आहे? साडेचार सेकंदांत हे तिन्ही प्रश्न विचारून, उत्तर देऊन, बोट हलवून बघा. जमत नाही. म्हणून ब्लिट्झमध्ये, म्हणजे अशा तीन मिनिटांच्या डावात, उंट फुकट जातो, तो अज्ञानामुळे कमी आणि न विचारलेल्या प्रश्नामुळे जास्त. सगळा सराव ब्लिट्झचाच असेल, तर प्रश्न न विचारण्याचाच सराव होतो.

दिव्याची २०२५ ची कामगिरी याच तराजूत घालून पाहा. बाटुमी इथल्या महिला विश्वचषकात तिला १५ वे मानांकन होते. उपांत्य फेरीत चीनच्या तान झोंगयीविरुद्धचा विजयी डाव १०१ चाली चालला. अंतिम फेरीत कोनेरू हंपीविरुद्धचे दोन्ही मोठे डाव बरोबरीत सुटले. मग १५+१० चे दोन डाव झाले. पहिला बरोबरीत. दुसरा दिव्याने काळ्या मोहऱ्यांनी जिंकला. तारीख २८ जुलै. त्या विजयाने ती विश्वचषक विजेती झाली आणि भारताची ८८ वी ग्रँडमास्टरही. ज्या वेगाच्या डावांनी विश्वचषकाचा निकाल लागला, तोच वेग आपल्या फोनवर एका बोटावर उपलब्ध आहे. आपण तो निवडत नाही, एवढेच.

३० पराभवांची वही

एकूण आकडा फोडल्याशिवाय तो बोलत नाही. विदितचेच उदाहरण घ्या. टोरंटोतल्या २०२४ च्या कँडिडेट्स स्पर्धेत त्याला १४ डावांत ६ गुण मिळाले. नुसता आकडा पाहिला तर बेताची कामगिरी. पण त्या सहांपैकी २ गुण त्याने हिकारू नाकामुराला दोन्ही वेळा हरवून मिळवले होते, आणि नाकामुरा त्या स्पर्धेत विजेत्यापेक्षा फक्त अर्ध्या गुणाने मागे राहिला. बेरजेत ही ताकद दिसत नाही. तोडून पाहिली तर दिसते.

तसेच आपल्या पराभवांचे करायचे. शेवटचे ३० हरलेले डाव उघडा. संगणकाचे विश्लेषण बंद ठेवा. प्रत्येक डाव कुठे गेला ते एका शब्दात वहीत लिहा. पुढचे आकडे कल्पित आहेत, केवळ रीत कळावी म्हणून. समजा, ६० डावांत ३० पराभव झाले आणि त्यांची विभागणी अशी निघाली :

मोहरा फुकट दिला : १२
घड्याळ संपले : ८
हाती आलेला डाव शेवटी घालवला : ४
सुरुवातीलाच अडकलो : ४
समोरचा खरेच चांगला खेळला : २

आता एलोचे सूत्र लावा. सुरुवातीच्या चालींचे व्हिडिओ पाहून चारही ‘सुरुवातीचे’ पराभव वाचवले, तर ६० पैकी ३४ विजय, म्हणजे सुमारे ४७ गुणांची वाढ. याउलट फुकट दिलेल्या मोहऱ्यांतले फक्त निम्मे डाव वाचवले, तर ७० गुण. त्यात घड्याळाचेही निम्मे जोडले, तर ६० पैकी ४० विजय आणि १२० गुण. पहिले दोन रकाने दिसायला वेगळे, पण दोघांचे मूळ बहुतेकदा घाईतच असते.

तुमच्या वहीत आकडे वेगळे येतील आणि यायलाच हवेत. कोणाचा अंत्यडाव कच्चा निघेल. त्याने राजा-प्यादे विरुद्ध राजा हा अंत्यडाव आणि हत्तींच्या अंत्यडावातल्या लुसेना व फिलिडोर या दोन स्थिती पक्क्या कराव्यात. मात्र वही न भरता ‘माझी ओपनिंग कच्ची आहे’ असे ठरवून टाकणे म्हणजे नाडी न पाहता औषध घेणे.

आठवड्याचे सात तास

रोजचा एक तास धरला, तर आठवड्याला ४२० मिनिटे हातात आहेत. ती अशी वाटावीत :

१५+१० चे ४ डाव : १७२ मिनिटे
प्रत्येक डावावर संगणकाविना २० मिनिटे : ८० मिनिटे
कोडी, सहा दिवस रोज १५ मिनिटे, सावकाश : ९० मिनिटे
अंत्यडाव, एक बैठक : ६० मिनिटे
उरलेल्यात तीन मिनिटांचे ३ डाव : १८ मिनिटे

ब्लिट्झ सोडा असे कोणी सांगत नाही. ते जेवणातल्या लोणच्यासारखे असावे. कोडी सोडवताना वेगाची शर्यत नको. उत्तर शेवटपर्यंत मनात दिसले तरच बोट लावायचे. सलग दोन पराभव झाले की त्या दिवशीचे खेळणे बंद, हा नियम मात्र कडक पाळावा.

आठवड्याला चार डाव, म्हणजे ६० डावांना १५ आठवडे लागतात. तोवर रेटिंगची रेघ वरखाली होईल. ६० डावांत २२ ते ३८ विजय योगायोगानेही मिळू शकतात, म्हणून एवढ्या अवधीत नुसत्या निकालावर भरवसा ठेवता येत नाही. पण पहिला रकाना १२ वरून ६ वर आला, तर ते जास्त भरवशाचे.

पटावर बसायचे असेल तर

ज्याला पुढे स्पर्धेत उतरायचे आहे, त्याने तीन आकडे लक्षात ठेवावेत. १ मार्च २०२४ पासून फिडेचे किमान रेटिंग १४०० आहे. पहिले रेटिंग मिळायला रेटिंग असलेल्या खेळाडूंशी किमान ५ डाव लागतात. आणि पहिल्या ३० डावांपर्यंत गुणक ४० असतो, म्हणजे बरोबरीच्या खेळाडूला हरवले की थेट २० गुण. सुरुवातीचे डाव इतके मोलाचे असतात.

तिथे चाल हाताने लिहावी लागते, हात लावलेला मोहरा हलवावाच लागतो, आणि पडद्यावर सपाट दिसणारा पट उभा दिसतो. चार डावांपैकी एक डाव समोर खरा पट मांडून खेळला, तर ही सवय घरीच लागते.

तेव्हा आज रात्री नवा डाव सुरू करू नका. मागचे ३० पराभव उघडा, वहीत पाच रकाने आखा आणि प्रत्येक डाव त्याच्या रकान्यात टाका. सर्वांत लांब रकान्यावर पुढचे १५ आठवडे काम करा. मग वही पुन्हा भरा, रेटिंग त्यानंतर बघा.