चकती नसलेले संगणक सुरू कसे होतात?

१९९४ साली नासाच्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी बाजारात मिळणारे १६ संगणक जाळ्याने जोडले, त्यांवर लिनक्स घातली आणि एकच मोठे गणित त्यांच्यात वाटून दिले. या जोडणीचे नाव बेओवुल्फ. अशा समूहाला आपण क्लस्टर म्हणतो. आज काही क्लस्टरमध्ये हजारो संगणक असतात. मग अडचण अगदी घरगुती होते : एवढ्या यंत्रांवर लिनक्स बसवायची कोणी? आणि बसवली तरी ती सगळीकडे सारखी राहील कशी? एखाद्या यंत्रावर जुना गणिती संच राहिला की काम तिथे अडते, किंवा शेवटच्या दशांश स्थळांत वेगळे उत्तर येते. हे दुसरे अधिक वाईट, कारण ते चटकन कळत नाही.

उपाय असा, की या यंत्रांच्या चकतीवर काही बसवायचेच नाही. बटण दाबले की नेटवर्क कार्ड जाळ्यावर हाक देते, ‘माझा पत्ता काय?’ कार्डाला कारखान्यातच ४८ बिटांचा क्रमांक मिळालेला असतो. त्यावरून मुख्य संगणक त्याला ओळखतो, पत्ता देतो आणि सुरुवातीची छोटी आज्ञावली कोठे आहे तेही सांगतो. ही आज्ञावली लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, आणते. पाठोपाठ सबंध प्रणालीची प्रतिमा येते आणि मेमरीत उलगडते.

मुख्य संगणकावर ही प्रतिमा म्हणजे एक साधी डिरेक्टरी असते. ‘सीएचरूट’ ही आज्ञा देऊन तिलाच मूळ मानायचे, आत शिरून हवे ते घालायचे, नको ते काढायचे, बाहेर येऊन गठ्ठा बांधायचा. घाईत आम्ही एकदा चालू यंत्रावरच दुरुस्ती केली. यंत्र पुन्हा सुरू झाले आणि दुरुस्ती गायब! मेमरीतले ते मेमरीतच गेले.

यंत्राचे नाव, पत्ता, गुप्त किल्ल्या प्रतिमेत घालू नयेत. प्रश्नपत्रिका सर्वांना एकच छापतात, बैठक क्रमांक ज्याचा त्याने लिहायचा, तसेच हे. वेअरवुल्फसारखी साधने हा वेगळा भाग प्रत्येक यंत्रासाठी वरून पातळ थरासारखा चढवतात.

छाटणीही हवी. उलगडल्यावर २ जीबी भरणारी प्रतिमा प्रत्येक यंत्राची २ जीबी मेमरी खाते, ती गणिताला मिळत नाही. माहितीपुस्तिका, परभाषांच्या फायली खुशाल काढाव्यात. पण छाटताना नेटवर्क कार्डाचा चालक उडाला तर गंमत होते. गाभा व्यवस्थित येतो, कारण तो आणणारा चालक कार्डाच्या स्वतःच्या चिपमध्ये असतो. गाभ्याला मात्र स्वतःचा चालक लागतो. तो नसला की यंत्र चालू, पण जाळ्यावर पत्ता नाही.

नोंदवह्यांचेही तेच. यंत्र कोलमडले तर कारण सांगणारी नोंदही मेमरीबरोबर पुसली जाते. म्हणून नोंदी घडतील तशा जाळ्यावरून मुख्य संगणकाकडे पाठवण्याची सोय प्रतिमेतच, पहिल्या दिवशी करून ठेवावी लागते.