टॅबला डॉक नसला म्हणून अडते का?



गेल्या मार्चअखेरीस पीककर्जाच्या नूतनीकरणासाठी सातबारा हवा होता. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा २०१८ पासून महाभूमीच्या संकेतस्थळावर मिळतो. मुलाच्या टॅबवर तो उतरवूनही घेतला, पण कागदावर आणायचा कसा? बाजारातल्या एका दुकानदाराने सांगितले, "काका, डॉक घ्यावा लागेल." डॉक म्हणजे टॅब ठेवण्याची बैठक, कीबोर्ड, माऊस, पेनड्राइव्ह तिला जोडता येतात. किंमत ऐकून हात आखडला. शेवटी कॉलेजात शिकणाऱ्या पुतणीने बोटाएवढी एक जोड आणली आणि काम भागले!

या जोडीला 'ओटीजी' म्हणतात. चार्जिंगच्या साध्या वायरीने हे काम होत नाही. जुन्या, बारीक तोंडाच्या टॅबमध्ये पाच टोके असतात. ओटीजी जोडीत त्यांतले चौथे टोक पाचव्याशी जोडलेले असते. त्यावरून टॅबला कळते, की आता मालक आपण आणि समोरचे यंत्र गडी. नव्या टॅबचे तोंड 'टाइप-सी', म्हणजे दोन्ही बाजूंनी बसणारे असते. त्याची जोड वेगळी मागावी. मात्र प्रत्येक टॅब ओटीजी घेतोच असे नाही. दुकानातच पेनड्राइव्ह लावून खात्री करावी, मगच पैसे मोजावेत.

दुसरी गोष्ट विजेची. अनेक वस्तू एकदम जोडायच्या तर 'हब' घेतात. तो कालव्याच्या फाट्यासारखा समजा. नीरा उजव्या कालव्यावर टेलच्या शेतकऱ्याला जे भोगावे लागते, तेच इथे होते: वरून येणारे थोडे, चाऱ्या जास्त. कीबोर्ड, माऊस, पेनड्राइव्ह यांना थोडकी वीज पुरते. फिरत्या तबकडीची हार्डडिस्क मात्र बरीच ओढते. ती सुरूच होत नाही किंवा मध्येच बंद पडते. तिच्यासाठी स्वतंत्र वीज घेणारा हब हवा, म्हणजे स्वतःच्या विहिरीचे पाणी. साधी जोड लावल्यावर टॅबचे एकुलते तोंड अडते आणि चार्जिंग होत नाही. म्हणून भारनियमनाच्या आधीच टॅब पूर्ण चार्ज करून ठेवावा.

कीबोर्ड ब्लूटूथचा घेतला तर वायरीची कटकट नाही. वायरीने जोडलेला प्रिंटर मात्र प्रत्येक टॅब ओळखेलच असे नाही. आम्ही सातबाऱ्याची पीडीएफ पेनड्राइव्हवर घेतली आणि केंद्रावर जाऊन छापून आणली. परक्या संगणकावर आपला पासवर्ड टाकावा लागला नाही, हा त्यातला मोठा लाभ.

पेनड्राइव्ह टॅबला दिसला नाही, तर तो 'फॉरमॅट' करा असा संदेश येतो. तिथे घाई करू नये! फॉरमॅट केले की आतले सारे पुसले जाते. आधी दुसऱ्या संगणकावर लावून नक्कल काढून घ्यावी. काम संपल्यावर पेनड्राइव्ह ओढून न काढता, आधी 'इजेक्ट' करावा.

उसाची नोंद, पाणीपट्टीच्या पावत्या, मातीपरीक्षणाचे अहवाल हे सारे आता टॅबवर येऊ लागले आहे. महागडे साधन घेण्याआधी आहे त्या साधनाला काय जोडता येते, ते घरातल्या शिकत्या मुला-मुलींना एकदा विचारून बघा.