मसाला आधी उडतो, गोडवा मागे राहतो

संध्याकाळच्या समारंभासाठी पुरुषांचा परफ्यूम हवा म्हटलं की मॉलमधला विक्रेता हमखास 'वॉर्म स्पायसी' गटाकडे बोट दाखवतो. वरच्या अंगाला दालचिनी, लवंग, वेलची, मिरी, केशर. खालच्या अंगाला व्हॅनिला, टोंका, लोबानासारखे डिंक, तंबाखू, चामडं, अशी या गटाची ढोबळ रचना. मराठी नाकाला तो परका नाही. ज्यांचे वडील दाढीनंतर गालाला ओल्ड स्पाइस चोळत, त्यांनी त्याचा एक जुना नमुना लहानपणापासून हुंगलेला आहे. तरीही गिऱ्हाईक सर्वांत जास्त फसतं ते याच गटात, कारण यातला जो भाग दुकानात भुरळ घालतो तो समारंभाला पोचेपर्यंत निम्मा उडालेला असतो.

बोलायला सोपं जावं म्हणून एकच बाटली समोर ठेवतो. व्हिक्टर अँड रॉल्फ या डच फॅशनकारांच्या जोडीच्या नावाने २०१२ मध्ये आलेला 'स्पाइसबॉम्ब'. रचनाकार ऑलिव्हिए पोल्ज. हे पुढे वडिलांच्या, म्हणजे जॅक पोल्ज यांच्या जागी शनेलचे परफ्यूमकार झाले. बाटली हातबॉम्बच्या आकाराची, वर ओढायची पिनसुद्धा.

"पहिल्या फवाऱ्यातच कळतं"

पहिल्या फवाऱ्यात कळतं ते फक्त पहिल्या अंकाचं. सुगंधी द्रव्यं सगळी एकाच वेगाने उडत नाहीत. बर्गमोटसारखी लिंबूवर्गीय तेलं, मिरी, वेलची ही हलकी; तासाभरात त्यांचा जोर ओसरतो. लवंगेतलं युजेनॉल आणि दालचिनीतलं सिनॅमाल्डिहाइड जरा चिवट, ती काही तास तग धरतात. व्हॅनिलिन, टोंकाच्या बियांमधलं कूमरिन, लॅबडॅनम या झुडपाचा डिंक आणि कृत्रिम कस्तुरी मात्र रात्रभर राहतात. कागदी पट्टीवर तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही त्यांचा वास येतो.

आता हिशेब मांडा. तुम्ही सातला घरून फवारा मारून निघालात, हॉलवर आठला पोचलात आणि साडेनऊला जेवायला बसलात. शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाला तुमचा मसाला फारसा भेटतच नाही. त्याला भेटतो तो व्हॅनिला, तंबाखू आणि डिंकांचा गोडवा. म्हणजे मसाल्यावर भाळून पैसे मोजायचे आणि अंगावर वागवायचा गोडवा. हा गोडवा तुम्हाला मानवतो का, हाच खरेदीचा खरा प्रश्न आहे आणि काउंटरवर तो कोणीच विचारत नाही.

स्पाइसबॉम्ब या परीक्षेत बऱ्यापैकी उतरतो. सुरुवातीला गुलाबी मिरी आणि बर्गमोटची चटकदार उसळी येते, मग दालचिनी पुढे सरकते, आणि तासा-दीड तासाने मऊ, सुक्या पानासारखा गोडसर तंबाखू उरतो. बाटली पाहून जो स्फोट अपेक्षित असतो तो होत नाही. मला ती त्याची जमेची बाजू वाटते. ज्यांना खरोखर झणझणीत काही हवं असेल त्यांची निराशा होईल.

तेव्हा कागदी पट्टी वापरायची ती नापसंत वास बाजूला काढण्यापुरती. जो उरेल तो एकच, एका मनगटावर, एक फवारा; आणि सरळ दुकानाबाहेर पडायचं. तिसऱ्या तासाला निर्णय. मनगटं एकमेकांवर घासली तर 'रेणू तुटतात' हे मात्र खोटं आहे. चोळण्याच्या उबेने वरचा थर जरा लवकर उडतो, बस्स.

"यादीत केशर लिहिलंय, म्हणजे आत केशर असणार"

खोक्यावरची 'नोट्स'ची यादी म्हणजे घटकांची यादी नव्हे. तो वासाचा वर्णनपर नकाशा असतो, आणि तो काढते जाहिरात करणारी मंडळी. स्पाइसबॉम्बच्या यादीत मिरची आहे. पण मिरचीला तिखटपणा देणारं कॅप्सेसिन जवळजवळ उडतच नाही, त्याला स्वतःचा म्हणावा असा वासही नाही; तिखट ही मुळात वास नव्हे, जळजळीची संवेदना आहे. म्हणून परफ्यूममधली मिरची हा रचनाकाराने इतर द्रव्यांतून उभा केलेला आभास असतो. गुलाबी मिरीचंही तसंच: ती मिरीच्या वेलाची नाही, दक्षिण अमेरिकेतल्या एका झाडाची फळं आहेत, आणि ते झाड आपल्या काजूच्या कुळातलं. चामड्याचा वास तर चामड्यातून काढतच नाहीत. बर्चच्या सालीचं डांबर आणि काही प्रयोगशाळेतली द्रव्यं मिळून तो होतो. केशराचा वास बहुतेक ठिकाणी कृत्रिम द्रव्यांवर भागवतात, आणि भाव पाहता त्यात नवल नाही.

याने फसवणूक झाली असं मानायचं कारण नाही. हा अख्खा गटच रसायनशास्त्राच्या खांद्यावर उभा आहे. विल्यम पर्किन यांनी १८६८ मध्ये कूमरिन प्रयोगशाळेत बनवलं. १८७४ मध्ये टीमान आणि हारमान यांनी जर्मनीत होल्ट्समिंडन इथे व्हॅनिलिन बनवलं, तेही पाइन वृक्षाच्या रसातल्या एका द्रव्यापासून. ही दोन द्रव्यं स्वस्त झाली नसती तर 'वॉर्म' म्हणून आज जे काही विकलं जातं त्यातलं फार थोडं आपल्या आवाक्यात राहिलं असतं.

याच यादीतला 'अँबर' हा शब्द महाराष्ट्रात विशेष गोंधळ घालतो. कोकण किनाऱ्यावर किंवा मुंबई-ठाण्यात 'व्हेलची उलटी' पकडल्याच्या बातम्या अधूनमधून येतात, तिची कोट्यवधींची किंमत छापून येते, आणि बाटलीवर अँबर दिसला की लोकांना वाटतं, हेच ते. नाही. उलटी म्हणतात ते अँबरग्रिस, स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होणारा पदार्थ. त्याचा वास खारट, समुद्री, जनावराच्या अंगाकडे झुकणारा. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा व्हेल संरक्षित आहे, त्यामुळे अँबरग्रिस बाळगणं आणि विकणं हा गुन्हा आहे. परफ्यूमच्या भाषेतला अँबर म्हणजे लॅबडॅनम, लोबान आणि व्हॅनिला यांचं गोड, राळेसारखं मिश्रण. व्हेलचा त्यात काही संबंध नाही. अँबरग्रिसची छटा हवी असेल तिथेही आज बहुधा अँब्रॉक्सान हे बनवलेलं द्रव्य वापरतात.

"अंगाला गोड्या मसाल्याचा वास येईल"

ही भीती मराठी घरात हटकून ऐकू येते. स्वयंपाकघराचा जो वास कपड्यांना चिकटतो तो मुख्यतः तापल्या तेलाचा, परतलेल्या कांद्याचा, भाजलेल्या खोबऱ्याचा, हिंगाचा. परफ्यूममध्ये यातलं काहीच नसतं. दालचिनी-लवंग असली तरी ती डिंक आणि लाकडांच्या सोबतीला असते. लवंग जास्त झाली तर भीती वेगळीच आहे: दातांच्या दवाखान्याचा वास येतो, कारण तिथल्या सिमेंटमध्येही युजेनॉलच असतं.

मात्र एक नातं खरं आहे, आणि मला ते फार आवडतं. आपल्या गोड्या मसाल्यातलं दगडफूल हे फूल नाही, लायकेन आहे. युरोपातल्या जुन्या पुरुषी परफ्यूममध्ये ज्याच्यावाचून पान हलत नसे तो ओकमॉस, तोही ओकच्या झाडावर वाढणारा लायकेनच. कनौजचे अत्तरवाले शमामा अत्तरात दगडफुलाच्याच जातीचं 'छडीला' घालतात. तेव्हा ओलसर, मातकट, किंचित कडू असा तो तळ मराठी माणसाला ओळखीचा वाटला तर त्यात नाकाची चूक नाही.

"हे थंडीतच लावायचे, अंगाला उष्ण पडतात"

'वॉर्म' हे वासाचं वर्णन आहे. अंगाचं तापमान त्याने वाढत नाही. पण या समजुतीमागे अनुभव आहे, तो धुडकावण्यासारखा नाही. आपल्या अत्तरपरंपरेतही शमामा आणि हिना थंडीत, तर खस म्हणजे वाळा आणि मोगरा उन्हाळ्यात अशी वाटणी आहेच. कारण साधं आहे: उष्म्यात सगळंच भराभर उडतं, त्यामुळे तेवढाच फवारा दुप्पट वाटतो, आणि गोडवा घामात मिसळला की जीव नकोसा होतो. मुंबईत मे महिन्यात संध्याकाळी आठलाही हवा दमट आणि गरम असते. पुण्यात डिसेंबरात तीच वेळ छान गार. परफ्यूमच्या सल्ल्यांमध्ये 'संध्याकाळ' म्हणतात ती बहुतेक वेळा पॅरिसची किंवा न्यूयॉर्कची असते. आपण घड्याळ नाही, हवा पाहायची.

"ओ द पार्फम जास्त टिकतं, म्हणून तेच घ्यावं"

ओ द त्वालेत म्हणजे साधारण पाच ते पंधरा टक्के सुगंधी द्रव्य आणि ओ द पार्फम म्हणजे पंधरा ते वीस, असा प्रघात आहे. ही काही कायद्याने ठरवलेली मोजपट्टी नाही. शिवाय टिकाऊपणा प्रमाणापेक्षा पदार्थावर ठरतो. लिंबाचा परफ्यूम कितीही घट्ट केला तरी तो व्हॅनिलाच्या पातळ परफ्यूमच्या आधी जाणार. एकाच नावाच्या दोन प्रकारांत अनेकदा रचनाच बदललेली असते, म्हणून दोन्ही वेगवेगळे हुंगून पाहायचे. आपल्याकडच्या दमट रात्रींना मला बहुतेकदा ओ द त्वालेतच योग्य वाटतं.

"मला वास येत नाही, म्हणजे उडून गेला"

या एका समजापायी लिफ्टमधली निम्मी माणसं हैराण होतात. सतत येणाऱ्या वासाकडे नाक काही मिनिटांत दुर्लक्ष करू लागतं. शिवाय काही कृत्रिम कस्तुरी अशा आहेत की ठरावीक माणसांना त्या जाणवतच नाहीत. तुम्हाला काही येत नसताना समोरच्याचं डोकं दुखत असू शकतं. पुन्हा मारण्याआधी घरातल्या कोणाला तरी विचारावं. घरचे खरं सांगतात.

दुकानात मध्ये मध्ये कॉफीच्या बिया हुंगून 'नाक साफ' होतं, हाही असाच समज. अमेरिकेतल्या बेलॉइट कॉलेजच्या मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कॉफी, लिंबू आणि साधी हवा यांच्यात काही फरक आढळला नाही. दाराबाहेर जाऊन मोकळा श्वास घेतलेला बरा.

"गोड वास पुरुषाला शोभत नाही"

ओल्ड स्पाइस पहिल्यांदा बाजारात आलं ते १९३७ मध्ये, बायकांसाठी. पुरुषांचं १९३८ मध्ये. गेर्लां या परफ्यूम घराण्याचं १९२५ चं 'शालिमार' स्त्रियांचं मानलं जातं. त्याच घराण्याचं १९६५ चं 'हाबी रूज' पुरुषांचं, आणि दोन्हींच्या तळाशी व्हॅनिलाच आहे. पुरुषीपणाच्याच नावावर खपणाऱ्या 'फेरोमोन'वाल्या बाटल्यांबद्दल एवढंच सांगतो: हा शब्द १९५९ मध्ये आला, तेव्हा रेशमाच्या पतंगांवर काम चाललं होतं. माणसात असं कोणतंही द्रव्य अजून निर्विवाद सिद्ध झालेलं नाही.

"नैसर्गिक असेल तर त्रास होत नाही"

उलट, या गटात नैसर्गिकाचाही त्रास होतो हे ध्यानात ठेवायलाच हवं. अस्सल दालचिनीच्या सालीचं तेल आणि अस्सल लवंगेचं तेल त्वचेला ॲलर्जी देण्याच्या बाबतीत बदनाम आहेत. परफ्यूमची ॲलर्जी तपासताना त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर जे मिश्रण लावतात, त्यातल्या आठ द्रव्यांत सिनॅमाल्डिहाइड आणि युजेनॉल ही दोन्ही आहेत. युरोपात २००५ पासून अशी २६ द्रव्यं ठरावीक प्रमाणाबाहेर असल्यास वेष्टनावर छापावी लागतात. २०२३ च्या नियमाने ही यादी ऐंशीच्या पुढे नेली आहे. आधी कधी पुरळ उठली असेल तर खोक्यावरचा हा बारीक मजकूर वाचा, नोट्सची यादी नव्हे. आणि ताज्या दाढीवर हे फवारू नका.

व्हॅनिलिनमुळे बाटलीतला द्रव काळानुसार तपकिरी होतो. तो खराब झाला असं नाही, पण पांढऱ्या सदऱ्यावर त्याचा पिवळट डाग पडतो आणि सहजी जात नाही. म्हणून लग्नाच्या दिवशी आधी छातीवर फवारा, तो वाळू द्यायचा, मग सदरा. वातानुकूलित हॉल असेल तर दोन फवारे पुरतात. उघड्या लॉनवरचं जेवण असेल आणि हवा दमट असेल, तर एकच.