गर्दी वाढली, ती कुणामुळे?

मोऱ्याच्या बंदरात भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या लाँचची वाट बघत उभं राहिलं की एक वाक्य हमखास कानावर येतं, "किती ही माणसं वाढली!" आणि त्याच्या पाठोपाठ, "बायका ऐकतात कुठे?" गेल्या बैठकीत आमच्याच गटातल्या एका मावशी हे बोलल्या. बाईनंच बाईला बोल लावावा हे काही आम्हाला पटेना. म्हणून जनगणनेचे आकडे घेऊन बसलो.

आधी मावशींनाच विचारलं, तुम्हाला मुलं किती? म्हणाल्या, सहा. आणि त्या सहांना? प्रत्येकी दोन. म्हणजे नातवंडं झाली बारा! एकाही लेकीनं, सुनेनं दोनाच्या वर मूल होऊ दिलं नाही, तरी घर भरलंच. देशाचंही असंच आहे. मागच्या पिढीत जन्मलेली मुलं आता आईबाप झाली, त्यामुळे प्रत्येक घरात मुलं कमी असूनही एकूण आकडा काही काळ वाढतच राहतो. सरकारी पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात 1992-93 मध्ये एका बाईला सरासरी 2.9 मुलं होत होती, 2019-21 मध्ये ती 1.7 वर आली. बायकांनी ऐकलं नाही असं कोण म्हणेल?

मग आपल्याकडे गर्दी कशी? 2001 ते 2011 या दहा वर्षांत रायगड जिल्ह्याची लोकसंख्या 22 लाखांवरून 26 लाख 34 हजारांवर गेली. त्याच काळात रत्नागिरीची जवळजवळ 17 लाखांवरून 16 लाख 15 हजारांवर उतरली, सिंधुदुर्गाचीही घटली. समुद्र तोच, मासळी-भात तेच, सुनांना बोलणाऱ्या सासवाही त्याच. फरक पडला तो रोजगाराचा. तिथली पोरं कामासाठी मुंबई-ठाण्याकडे निघून आली. आपल्याकडे न्हावा-शेवा बंदर, पनवेलकडच्या नव्या वसाहती, म्हणून माणसं येत राहिली. ती पोट भरायला आली आहेत, त्यांनाही नावं ठेवू नयेत.

एका आकड्यावर मात्र बैठकीत कुणी बोलेना. सहा वर्षांखालच्या दर 1000 मुलग्यांमागे महाराष्ट्रात मुली 1991 साली 946 होत्या, 2001 साली 913 आणि 2011 साली 894. बीड जिल्ह्यात तर 807. गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशात सगळ्यांत आधी, 1988 साली, कायदा केला तो आपल्याच राज्यानं, तरी ही गत. मूल दोनच हवं, पण त्यात मुलगा हवाच, या हट्टापायी मुली जन्माआधीच गेल्या. एक सून नंतर आम्हाला बाजूला घेऊन म्हणाली, "दुसरीही मुलगीच झाली, तेव्हापासून घरात कुणी नीट बोलत नाही." आम्ही पुढच्या बैठकीला तिच्या सासूबाईंनाही बोलावलं आहे. बघू.

आता हे आकडे जुने झाले. 2021 ची जनगणना झालीच नाही. जानेवारी 2024 मध्ये अटल सेतू झाला, उरणपर्यंत रेल्वे आली, पण कागदावर आपण अजून 2011 चेच. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली धान्य किती माणसांना द्यायचं ही मर्यादाही 2011 च्याच लोकसंख्येवर बांधलेली आहे. नंतर वाढलेल्या घरांची ओढाताण होते ती यामुळेही.

माणसांची मोजणी आता फेब्रुवारी 2027 मध्ये ठरली आहे. प्रगणक दारात येतील तेव्हा उत्तरं आपण बायकांनीही द्यायची. बारसं झालं नाही म्हणून तान्ही मुलगी सांगायची राहते, तिला आधी सांगा. "तुम्ही काय करता?" असं विचारलं की "काही नाही, घरीच असते" हे तोंडातून निघतंच. बोंबील सुकवून विकता, जाळी विणता, खानावळीचे डबे करता, तर ते काम म्हणून सांगा, वर्षातले किती महिने करता तेही सांगा. मावशींनी आत्तापासूनच आपल्या बारा नातवंडांची यादी वहीत लिहून ठेवली आहे, त्यात पाच मुली आहेत.